मार्लबरोची लेक, नगरची बाई

वैजापूर - गोदावरी ओलांडली की वैजापूर तालुका संपतो आणि नगर जिल्हा सुरू होतो. एकोणिसाव्या शतकात या भागात हीच नदी निजामाचे राज्य आणि इंग्रजी मुलूख यांच्यामधून वाहत होती. नदीपलीकडच्या अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, एका अमेरिकन स्त्रीने आयुष्याची अखेरची बावीस वर्षे मुलींच्या शिक्षणासाठी वेचली. सावित्रीबाई फुले यांच्या चरित्रात तिचे नाव एखाद्या ओळीत येऊन जाते. ती कोणत्या घरची, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

सिंथिया फरार हे तिचे नाव. मराठीत फरार म्हणजे परागंदा झालेला. हे आडनाव मात्र इंग्लंडच्या उत्तरेकडील असून त्याचे मूळ लोहारकामाशी जोडलेले आहे. सिंथियाचा जन्म १७९५ मध्ये अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर प्रांतातील मार्लबरो या खेड्यात झाला. त्या वेळी अमेरिकेच्या स्वातंत्र्याला पुरती वीस वर्षेही झाली नव्हती. मार्लबरोचा इतिहास १८८१ मध्ये ग्रंथरूपाने निघाला, तेव्हा त्याला गावातील घराण्यांची वंशावळ जोडण्यात आली. आपल्याकडे कुळाची नोंद त्र्यंबकेश्वर वा पैठणच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत सापडते. न्यू इंग्लंडमध्ये ते काम गावाचे इतिहासकार आणि चर्चची दप्तरे करतात. दोन्हीकडे एक साम्य आहे. अविवाहित लेकीच्या नावापुढे वंशाची रेघ थांबते.

वंशावळीत थांबलेली ही रेघ प्रत्यक्षात सात समुद्र ओलांडून पुढे गेली. बोस्टनच्या अमेरिकन बोर्डाचे मुंबईतील मिशन १८१३ पासून चालू होते. तेथील मुलींच्या शाळांवर देखरेख ठेवण्यासाठी बाईमाणूस हवे होते. शिक्षिका असलेल्या सिंथियाची निवड झाली. जून १८२७ मध्ये डेव्हिड ऑलिव्हर ऍलन आणि सायरस स्टोन या मिशनऱ्यांच्या तुकडीसोबत ती बोस्टनहून निघाली आणि डिसेंबरअखेर मुंबईत पोहोचली. वय बत्तीस. पतीच्या आधाराविना परदेशी धर्मकार्यासाठी पाठविण्यात आलेल्या पहिल्या अमेरिकन स्त्रियांमध्ये तिची गणना होते.

मुंबईत तिने मराठी आत्मसात केली आणि शाळा सांभाळल्या. लहानपणीच लग्न होऊन मुली शाळेतून नाहीशा होत. दरवर्षी पुन्हा नव्याने सुरुवात करावी लागे. प्रकृती ढासळल्याने १८३७ मध्ये ती मायदेशी गेली. चाळिशी उलटलेल्या स्त्रीने तेथेच राहावे, असेच कोणालाही वाटले असते. ती दोन वर्षांत परतली आणि १८३९ पासून अहमदनगर हेच तिचे घर झाले.

याच शहरात मराठी स्त्रीशिक्षणाच्या इतिहासातील एक निर्णायक भेट घडली. जोतीराव फुले यांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे नोकरीनिमित्त नगरला होते. त्यांच्याकडे गेले असता जोतीरावांनी फरारबाईंच्या मुलींच्या शाळा पाहिल्या. पुण्याला परतल्यावर त्यांनी पत्नीच्या शिक्षणाकडे लक्ष दिले आणि १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा उघडली. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे नगरला फरारबाईंकडे आणि पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये घेतले, असे चरित्रकार सांगतात.

यात एक गोष्ट विसरता कामा नये. फरारबाई ख्रिस्ती धर्मप्रसारासाठी आल्या होत्या आणि त्यांच्या शाळांत बायबल शिकवले जाई. फुले दांपत्याने शाळा घेतली, धर्मांतर घेतले नाही. त्यामुळे पुण्याच्या शाळेचे श्रेय मिशनच्या खाती जमा करणे जितके चुकीचे, तितकेच नगरच्या शाळांचा उल्लेख टाळणेही अन्यायाचे. अलीकडे या दोन्ही चुका सर्रास होतात.

जानेवारी १८६२ मध्ये, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, सिंथिया फरार यांचे नगरातच निधन झाले आणि तेथेच त्यांचे दफन झाले. त्या वेळी पुण्यात सावित्रीबाई एकतीस वर्षांच्या होत्या.