गणिताच्या प्राध्यापकाचा हिशेब

रत्नागिरीच्या शाखेत मी कर्ज विभाग सांभाळत होतो तेव्हाची गोष्ट. एक जोडपे मूल होण्याच्या उपचारांसाठी कर्ज मागायला आले. बरोबर सासूबाई. अर्ज मुलाचा, पण बोलत होत्या त्याच. आणि खोट सुनेत आहे हे त्यांनी माझ्यासमोर दोनदा सांगून टाकले. सून मान खाली घालून बसली होती. त्या संध्याकाळी घरी जाताना मला र. धों. कर्वे आठवत राहिले.

रघुनाथराव आपल्याच जिल्ह्यातले. जन्म दापोलीजवळच्या मुरुडचा, १४ जानेवारी १८८२. महर्षी अण्णांचे थोरले चिरंजीव. नऊ वर्षांचे असताना आई गेली. १८९९ साली मॅट्रिकला पहिले आले, फर्ग्युसनमधून पदवी घेतली, गणितासाठी पॅरिसला जाऊन आले. इथपर्यंत कुठल्याही हुशार कोकणी मुलाचे चरित्र.

१९२१ साली मात्र त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंनी आपले केंद्र उघडले होते. तिकडेही गहजब झाला, मग इकडे काय विचारता! ते तेव्हा विल्सन कॉलेजात गणित शिकवीत. कॉलेजला हे मानवले नाही आणि १९२५ मध्ये नोकरी सुटली. पेन्शनीवर जगणाऱ्या माझ्यासारख्याला हे वाचतानाही धडकी भरते. मालतीबाईंच्या कमाईचा आधार होता. मूल होऊ द्यायचे नाही हे दोघांनी ठरवले होते. लोकांना सांगायचे ते आधी स्वतः केले.

जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' निघाले. सस्तन प्राण्यांचे अंडे फॉन बेअर या शास्त्रज्ञाने जगापुढे मांडले ते १८२७ साली. बरोबर शंभर वर्षे. बाईच्या शरीरावर बाईचाच हक्क, सुखावरही तिचा पुरुषाइतकाच, हे रघुनाथराव अंकामागून अंक लिहीत राहिले. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ चा खटला डॉ. आंबेडकरांनी लढवला. निकाल विरुद्ध गेला, दंड झाला, मासिक चालूच राहिले. १९४४ मध्ये मालतीबाई गेल्या, १४ ऑक्टोबर १९५३ ला ते स्वतः. वडिलांना भारतरत्न मिळाले १९५८ साली. मुलाच्या वाट्याला कोर्टाच्या पायऱ्या.

शुक्राणू आणि अंडे यांची गाठ पडू नये म्हणून ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांच्या काळी गाठ पडल्यावर नेमके काय होते हे कुणालाच ठाऊक नव्हते. अंडे अर्ध्या विभाजनात थांबून असते. शुक्राणू आत जाताना एक प्रथिन घेऊन जातो. फॉस्फोलायपेज सी झीटा हे त्याचे नाव, २००२ मध्ये कार्डिफच्या संशोधकांनी ते पुढे आणले. हे प्रथिन अंड्यातल्या एका स्निग्ध द्रव्याचे तुकडे पाडते. त्यातल्या एका तुकड्यामुळे साठ्यातले कॅल्शियम सुटते. लाट येते, ओसरते, पुन्हा येते, असे कित्येक तास. मग अंडे जागे होते. काही पुरुषांच्या शुक्राणूंत हे प्रथिन नसते किंवा बिघडलेले असते. अशा वेळी शुक्राणू सुईने थेट अंड्यात सोडला तरी बहुधा अंडे निजलेलेच राहते.

कर्ज मंजूर झाले. पुढे एकदा तो मुलगा एकटाच हप्ता भरायला आला. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितले ते त्याने हळू आवाजात मला सांगितले: अंडी चांगली होती, ती जागी करणारे प्रथिनच त्याच्याकडे नव्हते. आईला सांगितलेत का, असे मी विचारले. त्याने पावतीची घडी केली, खिशात घातली आणि एसटीची वेळ झाली म्हणाला.