कोंबड्यांनी शिकवले कोंड्याचे मोल

भाताच्या गिरणीत पांढराशुभ्र तांदूळ पोत्यात भरला जातो आणि कोंडा एका कोपऱ्यात ढीग होऊन पडतो. मिळेल त्या भावाने तो उचलून दिला की आपण मोकळे. पण याच टाकाऊ कोंड्यात जीव वाचवणारे द्रव्य आहे, याचा माग लागला तो कोंबड्यांमुळे. तो लावणारे हॉलंडचे डॉक्टर म्हणजे ख्रिस्तियान आइकमन.

आइकमन यांचा जन्म ११ ऑगस्ट १८५८ रोजी नायकेर्क या गावी झाला. वडील शाळेचे मुख्याध्यापक, घरात भावंडे बरीच. लष्कराच्या खर्चाने ते ॲमस्टरडॅमला डॉक्टर झाले आणि १८८३ मध्ये डच अमलाखालच्या जावा-सुमात्रा बेटांवर नोकरीला गेले. तिथे मलेरियाने असे गाठले की १८८५ मध्ये मायदेशी परतावे लागले. पुढच्याच वर्षी पत्नी वारली. तरी गडी खचला नाही. बर्लिनला रॉबर्ट कॉख यांच्याकडे जंतुशास्त्र शिकून १८८६ मध्ये पुन्हा जावाला निघाला.

त्या वेळी तिथे बेरीबेरीने कहर केला होता. सैनिक आणि कैदी यांचे पाय लुळे पडत, अंगावर सूज येई, हृदय थकून माणसे दगावत. रोग जंतूंचा असणार अशीच सर्वांची समजूत. १८८८ मध्ये आइकमन बटाव्हियाच्या, म्हणजे आजच्या जाकार्ताच्या प्रयोगशाळेचे प्रमुख झाले. जंतू शोधण्यासाठी त्यांनी कोंबड्या पाळल्या.

१८८९ च्या जुलैत कोंबड्या लंगडू लागल्या, माना टाकू लागल्या. गंमत अशी, की ज्यांना काहीच टोचले नव्हते त्याही पडल्या. नोव्हेंबरअखेर आजार आला तसा गेला. डॉक्टर चक्रावले. चौकशी केली तेव्हा कळले, की मधल्या काळात लष्करी इस्पितळाच्या स्वयंपाकघरातला उरलेला पांढरा भात कोंबड्यांना घातला जात होता. नवा आचारी आला आणि लष्कराचा भात या बिगरलष्करी कोंबड्यांना द्यायला त्याने साफ नकार दिला. मग पुन्हा साधा, न सडलेला तांदूळ सुरू झाला आणि कोंबड्या उठून चालू लागल्या!

आइकमन यांनी वर्षानुवर्षे प्रयोग करून पडताळले. पॉलिशच्या तांदळावर कोंबडी आजारी पडते, कोंडा दिला की सावरते. पुढे आरोग्य निरीक्षक फोर्डरमन यांनी जावातील १०१ तुरुंगांची पाहणी केली. पांढरा तांदूळ असलेल्या तुरुंगांत सुमारे ३९ कैद्यांमागे एक आजारी होता, तर कोंडा न काढलेला तांदूळ असलेल्या ठिकाणी दहा हजारांत जेमतेम एक.

मात्र कारण सांगताना आइकमन चुकले. तांदळाच्या पिठात विष असावे आणि कोंड्यात त्याचा उतारा, असे त्यांना वाटले. प्रकृतीमुळे ते १८९६ मध्ये परतले. त्यांच्या जागी आलेल्या ग्रिन्स यांनी १९०१ मध्ये खरे कारण मांडले. विष वगैरे काही नाही, कोंड्याबरोबर शरीराला लागणारे द्रव्यच निघून जाते. तेच आजचे जीवनसत्त्व ब-१. आइकमन यांना १९२९ चे नोबेल पारितोषिक हॉपकिन्स यांच्यासोबत विभागून मिळाले. आजारपणामुळे ते घ्यायलाही जाता आले नाही. ५ नोव्हेंबर १९३० रोजी युट्रेख्ट येथे त्यांचे निधन झाले.

आता आपल्या शेडकडे वळू. ब्रॉयलरच्या खाद्यात कोंडा जरूर वापरावा, पण तारतम्याने. कोंडा म्हणजे तूस नव्हे. तुसात पोषण नाही, आणि कोंड्यात तुसाची भेसळ सर्रास होते. हातावर चोळून पाहा; खरखरीत टोचू लागला तर समजून घ्या. ताज्या कोंड्यात तेल भरपूर, म्हणून तो काही दिवसांतच खवट होतो, आणि खवट कोंड्याने खाद्यातले ई जीवनसत्त्व नासते. साठवायचा असेल तर तेल काढलेला कोंडा बरा. कोंड्यात तंतू जास्त, त्यामुळे लहान पिलांना तो फार देऊ नये. प्रमाण पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारूनच ठरवावे.

नवा कोंडा किंवा पेंड सुरू केली, की तारीख वहीत लिहा आणि पक्ष्यांच्या चालीवर नजर ठेवा. आजारी कोंबडीसमोर आइकमन यांनी शेवटी प्रश्न विचारला तो एवढाच, की हिच्या खाण्यात काय बदलले? तो आपल्याला फुकटात विचारता येतो.