टिळकांचे पाचारण

रेव्ह. नारायण वामन टिळकांचा जन्म १८६१ चा, करजगावचा. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. वाचन, मनन व प्रार्थना यांनी त्यांनी आपले पाचारण पारखले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा आप्त दुरावले, पत्नीही; लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा पुढे १९०० साली झाला. १९०४ साली टिळकांना पाळकाची दीक्षा मिळाली. तरी प्रभूला विचारणे थांबले नाही. पंचावन्नी उलटल्यावर, १९१७ साली, मिशनचा पगार सोडून ते साताऱ्यास गेले. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसाठी त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारला. ९ मे १९१९ रोजी ते प्रभूकडे गेले.

बंधुभगिनींनो, पाचारण एकदा ऐकून संपत नाही. ते रोज प्रभुचरणी बसून पुन्हा ऐकावे लागते.