कोलेस्टेरॉलला नाव देणारा माणूस: मिशेल यूजेन शेव्ह्रल

गेल्या महिन्यात बाबांचा लिपिड प्रोफाइल रिपोर्ट माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर आला. पीडीएफ उघडली तर कोलेस्टेरॉलचा आकडा ठळक अक्षरात! आईने त्याच दिवशी तुपाचा डबा माळ्यावर टाकला आणि मी मोबाईलवर शोधत बसलो. हे कोलेस्टेरॉल म्हणजे नेमकं काय, हे शोधता शोधता मला शेव्ह्रल भेटले.

त्यांचा जन्म ३१ ऑगस्ट १७८६ रोजी फ्रान्समधल्या आँजे शहरात झाला. वडील डॉक्टर होते. तरुणपणी शेव्ह्रल रसायनशास्त्र शिकायला पॅरिसला आले. १८११ मध्ये त्यांनी डुकराच्या चरबीपासून बनवलेला साबण तपासायला घेतला. तेव्हा समज असा होता की चरबी हा एकच पदार्थ आहे आणि तो क्षाराला जोडला गेला की साबण होतो. शेव्ह्रल यांनी दाखवलं की साबण बनताना चरबी फुटते. एकीकडे फॅटी अ‍ॅसिड आणि दुसरीकडे एक गोडसर द्रव. त्याला त्यांनीच ग्लिसरीन नाव दिलं.

रिपोर्टमधलं ट्रायग्लिसराइड म्हणजे हेच बघा: एका ग्लिसरीनला जोडलेली तीन फॅटी अ‍ॅसिड. ही शरीराची पॉवर बँक. १ ग्रॅम चरबीत साधारण ९ कॅलरी ऊर्जा साठते, साखरेत फक्त ४.

मग १८१५ च्या सुमारास त्यांनी पित्ताशयातल्या खड्यांमधला मेणासारखा पदार्थ तपासला. गंमत म्हणजे त्याचा साबण काही केल्या होईना. म्हणजे ही नेहमीची चरबी नव्हतीच! ग्रीक भाषेतल्या ‘पित्त’ आणि ‘घट्ट’ या शब्दांवरून त्यांनी त्याला कोलेस्टेरीन म्हटलं. तेच आजचं कोलेस्टेरॉल.

ते शरीराला लागतंच. पेशींच्या आवरणात फॉस्फोलिपिड नावाच्या लिपिडसोबत ते असतं. काही हार्मोन, ड जीवनसत्त्व आणि पित्तातली आम्लं त्यापासूनच बनतात. पण चरबी रक्तात विरघळत नाही, म्हणून तिला वाहून न्यायला गाड्या लागतात: एलडीएल आणि एचडीएल. एलडीएल जास्त झालं की रक्तवाहिन्यांच्या भिंतीत कोलेस्टेरॉल साचतं. खरी भीती त्याची.

शेव्ह्रल यांच्या कामातून कमी धूर करणाऱ्या स्टिअरिक अ‍ॅसिडच्या मेणबत्त्या आल्या. १८२४ पासून ते पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख होते. काळा रंग फिका दिसतो अशी तक्रार आली, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की दोष रंगात नाही, शेजारच्या रंगांमुळे डोळा फसतोय. मोबाईलवर एकच राखाडी चौकोन काळ्या आणि पांढऱ्या वॉलपेपरवर ठेवून बघा, लगेच कळेल.

९ एप्रिल १८८९ ला, वयाच्या १०२ व्या वर्षी ते गेले. आयफेल टॉवरवर कोरलेल्या ७२ नावांत त्यांचंही नाव आहे.

आमच्या डॉक्टरांनीही शेवटी तेच केलं: एकच आकडा न बघता एलडीएल, एचडीएल, ट्रायग्लिसराइड वेगवेगळं बघितलं, गोळी सुरू केली आणि रोज चालायला सांगितलं. तूप खाली आलंय, पण चमचा मोजून. तुमच्या घरी असा रिपोर्ट आला तर गूगलवर घाबरत बसू नका, प्रत्येक ओळ डॉक्टरांकडून समजून घ्या.