पॅरामेशियम बघत बसणाऱ्या हाफकिनने मुंबईला प्लेगची लस दिली, आणि एका बाटलीने त्याची नोकरी घालवली

रत्नागिरी, चिपळूण, राजापूरकडून कोणी पेशंट घेऊन परळच्या केईएमला किंवा टाटाला गेलं असेल, तर जवळच असलेल्या हाफकिन इन्स्टिट्यूटची पाटी त्याने नक्की पाहिली असणार. आपल्याकडे हे नाव इतकं सवयीचं झालंय की हाफकिन नावाचा एक माणूस होता, हेच विसरायला होतं.

तर हा माणूस म्हणजे वाल्डेमार हाफकिन. त्याची गोष्ट समजून घ्यायची तर शाळेत घोकलेली एक गोष्ट आधी आठवावी लागते. आदिकेंद्रकी पेशी आणि दृश्यकेंद्रकी पेशी, म्हणजेच प्रोकॅरिओटिक आणि युकॅरिओटिक. परीक्षेत दोन गुणांचा फरक लिहून आपण मोकळे झालो. हाफकिनचं मात्र सगळं आयुष्य याच दोन पेशींच्या भांडणात गेलं.

हाफकिनचा जन्म 1860 साली ओडेसाचा. हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होतं, आज युक्रेनमध्ये आहे. घर ज्यू. तिथल्या विद्यापीठात त्याला गुरू भेटले इल्या मेचनिकॉव्ह. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी बाहेरून आलेल्या जंतूंना गिळतात, हे जगाला सांगणारे तेच. हाफकिन हुशार होता, पण राजकीय चळवळीत पडल्यामुळे पोलिसांच्या नजरेत आला. शिवाय ज्यू असल्यामुळे प्राध्यापकी मिळेना. धर्म बदलला असता तर वाट मोकळी होती. त्याने धर्म बदलला नाही, देश सोडला.

1889 मध्ये तो पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये पोहोचला. जागा कसली मिळाली? ग्रंथालयातली. पुस्तकांचं काम आटोपलं की हा गडी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचा. बघायचा काय, तर डबक्याच्या पाण्यातला पॅरामेशियम.

पॅरामेशियम हा एकाच पेशीचा जीव. पण ही पेशी आपल्या पेशींच्या जातकुळीतली, म्हणजे दृश्यकेंद्रकी. हाफकिनला दिसलं की काही पॅरामेशियम आजारी आहेत आणि त्यांच्या थेट केंद्रकात बारीक जीवाणू शिरून वाढतायत. 1890 मध्ये त्याने यावर लेख लिहिला आणि त्या जीवाणूंना होलोस्पोरा हे नाव दिलं. ते नाव आजही चालतं.

इथे एक मिनिट थांबू. दोन पेशींमधला फरक काय?

गिरणगावातल्या चाळीतली दहा बाय बाराची खोली आठवा. स्वयंपाक तिथेच, झोपणं तिथेच, कागदपत्रांची ट्रंकही तिथेच. आदिकेंद्रकी पेशी म्हणजे ही खोली. डीएनए आत मोकळाच असतो, त्याला वेगळी खोली नाही. सगळे जीवाणू या प्रकारचे.

आता गावाकडचं घर घ्या. ओटी, पडवी, माजघर, स्वयंपाकघर, देवघर. प्रत्येक कामाला वेगळी जागा. दृश्यकेंद्रकी पेशी अशी असते. डीएनए केंद्रकात पडद्याआड जपलेला, ऊर्जा तयार करायला तंतुकणिका, बाकी कामांना वेगवेगळी अंगकं. आंबा, माड, मासा, बुरशी, पॅरामेशियम आणि तुम्ही-आम्ही, सगळे यात आलो.

आकारातही मोठा फरक. प्लेगचे शंभरेक जीवाणू एका ओळीत मांडले, तर कुठे एका पॅरामेशियमची लांबी भरेल.

तर एवढीशी खोली एवढ्या मोठ्या घराला आजारी पाडते, हे हाफकिनने पॅरामेशियममध्ये बघितलं. पुढचा प्रश्न माणसाचा होता.

त्याने आधी कॉलऱ्याची लस केली. 1892 मध्ये ती स्वतःला टोचून घेतली आणि 1893 मध्ये ती घेऊन भारतात आला. आग्रा, कलकत्ता असं फिरून हजारो लोकांना टोचली.

मग आलं 1896. सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. बघता बघता शहर रिकामं व्हायला लागलं. लाखो लोक मुंबई सोडून गेले. गिरण्यांमध्ये आणि बंदरावर राबणाऱ्यांत रत्नागिरी जिल्ह्यातली माणसं खूप होती. त्यांना गावची वाट धरण्यावाचून दुसरं काय सुचणार? प्लेगवर तेव्हा औषधच नव्हतं.

ऑक्टोबरमध्ये हाफकिन मुंबईत आला. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला एक व्हरांडा मिळाला. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई, बस.

त्याची युक्ती साधी होती. मांसाच्या पाण्यात प्लेगचे जीवाणू वाढवायचे. वर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे. जीवाणू त्या थेंबांना धरून खाली वाढत जायचे, पावसात कौलांवरून पागोळ्या लोंबाव्यात तसे. मग ते तापवून मारायचे आणि मेलेले जीवाणू माणसाला टोचायचे. म्हणजे आपल्या पांढऱ्या पेशींना शत्रूची आधीच ओळख होते आणि खरा शत्रू आला की शरीर तयार असतं.

10 जानेवारी 1897 ला त्याने पहिली सुई स्वतःला टोचली. ताप भरला, अंग दुखलं, पण तो उठून कामाला लागला. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथल्या ज्या कैद्यांनी स्वतःहून लस घेतली, त्यांच्यात प्लेग कमी झाला.

तरी लोक घाबरत होतेच. सरकारी माणसं घरात घुसून झडत्या घेत होती, रोग्यांना उचलून नेत होती. पुण्यात यावरूनच रँडचा खून झाला. अशा वेळी सरकारी सुईवर विश्वास कोण ठेवणार? आगाखान तिसरे यांनी चारचौघांत लस टोचून घेतली, तेव्हा त्यांच्या समाजातले लोक पुढे आले. 1899 मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली. आजही ती तिथेच आहे.

आणि मग सगळं उलटलं.

30 ऑक्टोबर 1902. पंजाबातलं मुलकोवाल गाव. त्या दिवशी 107 जणांना लस टोचली. त्यातल्या एकाच बाटलीतून लस घेतलेले 19 जण धनुर्वाताने मेले.

धनुर्वातही जीवाणूच करतो, पण तो भलताच चिवट. तो स्वतःभोवती जाड कवच करून मातीत पडून राहतो आणि नुसत्या उकळण्यालाही दाद देत नाही. चौकशीत ठपका परळच्या प्रयोगशाळेवर आला. हाफकिनला निलंबित केलं, त्याची जागा गेली.

पण बाटली फोडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. शिवाय बाटली उघडली तेव्हा तिला वास येत नव्हता. धनुर्वाताचा जीवाणू परळपासून त्या बंद बाटलीत वाढत असता, तर घाण वास आलाच असता. रोनाल्ड रॉससारख्या शास्त्रज्ञांनी हे लावून धरलं, तेव्हा 1907 मध्ये हाफकिन निर्दोष ठरला. पाच वर्षं गेली ती गेलीच. तो भारतात परतला, पण कलकत्त्याला. परळची प्रयोगशाळा त्याला परत मिळाली नाही.

1925 मध्ये त्या प्रयोगशाळेला त्याचं नाव दिलं गेलं. योगायोग बघा, त्याच वर्षी एडुआर शॅटन या फ्रेंच शास्त्रज्ञाने प्रोकॅरिओटिक आणि युकॅरिओटिक हे दोन शब्द पहिल्यांदा छापले. म्हणजे हाफकिन ज्या फरकाशी आयुष्यभर झगडला, त्याला नाव मिळालं तेव्हा तो निवृत्त होऊन बसला होता. 1930 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात तो गेला.

पुढे 1943 मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडलं आणि प्लेग बरा होऊ लागला. हे औषध जीवाणूच्या रायबोझोमला, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राला, अडवतं. आपल्या पेशीतलं हे यंत्र आकाराने मोठं आणि वेगळ्या घडणीचं असतं, त्यामुळे मरतो तो जीवाणू आणि वाचतो माणूस.

शाळेतला दोन गुणांचा फरक तो हाच. हाफकिनकडे हे औषध नव्हतं. त्याच्याकडे तूप होतं, एक व्हरांडा होता आणि टोचून घ्यायला स्वतःचं शरीर होतं.