जागृतीनंतरची सतरा वर्षे

संजीवन सभा आटोपल्या की पुढे काय होते, हे आपल्याला ठाऊक आहे. आमच्या इंद्रवेल्लीच्या बाजूला चार दिवस घरोघर प्रार्थना चालतात. मग कापसाची वेचणी सुरू होते आणि पवित्र शास्त्र पुन्हा फळीवर चढते. म्हणून शब्बाथशाळेत पंडिता रमाबाईंचा विषय निघाला, की मी केडगावच्या १९०५ सालच्या जागृतीपाशी थांबत नाही. ती कशाच्या आधारे टिकली, हे मुलांना सांगतो.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नीला संस्कृत शिकविले आणि त्या माउलीने आपल्या मुलीला. हजारो श्लोक रमाबाईंना मुखोद्गत होते. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईबाप गेले. भावाबरोबर पायी देश तुडवीत त्या १८७८ साली कलकत्त्यास पोहोचल्या व तेथील विद्वानांनी त्यांना पंडिता ही पदवी दिली. इतकी विद्या असूनही मनाला विसावा नव्हता. विवाहानंतर आसामातील सिल्चर येथे पतीच्या ग्रंथसंग्रहात त्यांना लूककृत शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत सापडली. ती कोणी दिली नव्हती, कोणी वाचण्याचा आग्रहही केला नव्हता. १८८२ साली पती वारले. तान्ह्या मनोरमेला घेऊन त्या पुण्यास आल्या. पुढे इंग्लंडला गेल्या व २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

येथे पुष्कळ चरित्रे घाईने शारदा सदनाकडे वळतात. (ते १८८९ साली मुंबईत सुरू झाले व पुढच्याच वर्षी पुण्यास आले.) पण आपल्यासारख्या जन्माने ख्रिस्ती असलेल्यांनी थोडे थांबावे अशी एक गोष्ट त्यानंतर घडली. १८९१ च्या सुमारास विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज पाळकाचे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले. हा गृहस्थ वर्षानुवर्षे उपदेश करीत होता आणि एके दिवशी व्यासपीठावर उभा असतानाच त्याचा स्वतःचा पालट झाला. ते वाचून रमाबाई हादरल्या. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नाही, असे त्यांना उमगले. बाप्तिस्म्याला आठ वर्षे झाली होती आणि नाव सर्वत्र गाजत होते! तरी त्यांनी लाज धरली नाही. नवशिक्यासारखे त्या शास्त्र पुन्हा वाचू लागल्या, आणि तारण आपल्या योग्यतेने नव्हे, कृपेने मिळते हे त्यांनी स्वतःसाठी स्वीकारले. उपदेश करणाऱ्या माझ्यासारख्याला हा प्रसंग सांगताना दर वेळी थोडे अवघडल्यासारखे होते.

१८९६ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी अनाथ मुली व विधवा आणल्या, आणि केडगावच्या माळावर मुक्ती उभी राहिली. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथे सुमारे दोन हजार जीव होते. १९०५ च्या आरंभी रमाबाईंनी जागृतीसाठी प्रार्थनेचे मंडळ सुरू केले. प्रथम सत्तर जणी होत्या. जूनपर्यंत साडेपाचशे जणी दिवसातून दोनदा जमू लागल्या. जूनच्या अखेरीस जागृती आली. मुली रडत होत्या, पापे पदरी घेत होत्या. वर्ग बंद पडले.

अशा भरात दुसरे कोणी सभांमागून सभा भरविल्या असत्या. रमाबाईंनी मुलींच्या हाती शास्त्र दिले, त्यांच्या टोळ्या करून खेडोपाडी पाठविल्या, आणि स्वतः हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करीत सबंध शास्त्राच्या मराठी भाषांतराला बसल्या. वय तेव्हा सत्तेचाळीसच्या घरात होते, ऐकूही कमी येत होते. कारण साधे होते. जुनी भाषांतरे शिकलेल्यांना कळत; मुक्तीतल्या कुणब्याच्या, मजुराच्या मुलीला ती जड जात. जिला वचन कळत नाही, ती कालच्या सभेच्या आठवणीवर किती दिवस काढणार? म्हणून संस्कृत कोळून प्यालेल्या या विदुषीने जड संस्कृत शब्द बाजूला सारले. आमच्याकडे घरात गोंडी, बाजारात मराठी आणि शाळेत तेलुगू असा प्रकार असल्याने या श्रमाची किंमत मला फार वाटते. त्यांचे भाषांतर वाचताना कुठे कुठे खडबडीत लागते, हे खरे. आपल्या उपासनांतून ते रूढही झाले नाही. पण त्याचे खिळे जुळविणारे आणि कागद छापणारे हात मुक्तीतल्या मुलींचेच होते. ज्यांना अक्षरओळख नव्हती, त्यांनी वचनाची एकेक ओळ आपल्या हातांनी जुळविली.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा वारली. संस्थेची धुरा जिच्या खांद्यावर द्यायची, तीच गेली. रमाबाईंनी शोक केला आणि त्या पुन्हा मुद्रिते तपासायला बसल्या. काम पुरे होईपर्यंत आयुष्य मिळावे, एवढेच त्यांचे मागणे होते. ते पुरे झाले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावास त्या प्रभूमध्ये निजल्या. सबंध शास्त्र छापून निघाले ते १९२४ साली.