चेहरा परत देणारे डॉक्टर गिलीज

मुलांनो, आपले एक बोट डोळ्याभोवती हळूच फिरवून पाहा. वर कपाळाचे हाड लागेल, बाहेरच्या अंगाला आणि खाली गालाचे हाड लागेल, आतल्या अंगाला नाकाचा उंचवटा. हाडांच्या या वाटीला डोळ्याची खोबण म्हणतात. सात लहानमोठी हाडे एकमेकांत बसून ती तयार झालेली असते. तिची कड मजबूत असते, पण तळ फारच पातळ, पापडासारखा. ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत सुट्टीच्या दिवशी क्रिकेट चालू नाही असे मैदान सापडणार नाही. चेंडू डोळ्यावर जोरात आदळला, तर कधी कधी हा तळ फुटतो किंवा गालाचे हाड आत दबते. मग गाल चपटा दिसतो, डोळा खोल जातो आणि एकाच्या जागी दोन वस्तू दिसू लागतात.

असे दबलेले हाड चेहऱ्यावर व्रण न ठेवता कसे उचलावे, हे डॉक्टर हॅरोल्ड गिलीज यांनी १९२७ साली दाखविले. त्यांचीच ही हकीकत आहे.

न्यूझीलंडमधील ड्युनेडिन या गावी १७ जून १८८२ रोजी त्यांचा जन्म झाला. ते चार वर्षांचे असतानाच वडील वारले. लहानपणी जिन्याच्या कठड्यावरून घसरण्याचा खेळ त्यांना महागात पडला. कोपर मोडले आणि ते पुढे ताठच राहिले. तरीसुद्धा ते शाळेच्या क्रिकेट संघाचे कप्तान झाले. इंग्लंडमध्ये केंब्रिजला शिकत असताना १९०४ च्या प्रसिद्ध नौकाशर्यतीत त्यांनी वल्हे मारले. पुढे लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात ते डॉक्टर झाले आणि कान, नाक, घसा यांचे उपचार करू लागले.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. सैनिक जमिनीत खोल चर खणून त्यांत राहत. शत्रू पाहण्यासाठी डोके वर काढले, की गोळी नेमकी तोंडावर येई. पूर्वी असे जखमी बहुधा मरत. आता ते वाचू लागले, पण कोणाला जबडा नाही, कोणाला नाक नाही, कोणाची खोबणच फुटलेली. १९१५ साली गिलीज फ्रान्समध्ये गेले. तेथे वालाडिए नावाचे एक दंतवैद्य मोडके जबडे जुळवीत होते. पॅरिसमध्ये डॉक्टर मोरेस्तँ यांनी एका रोग्याच्या चेहऱ्यावरची गाठ काढली आणि जवळचीच कातडी सरकवून ती जागा झाकली. ते पाहून गिलीज यांचे मन त्या कामात गुंतले ते कायमचे.

परत येऊन त्यांनी अधिकाऱ्यांची पाठ पुरविली. १९१६ च्या आरंभी ऑल्डरशॉटच्या लष्करी रुग्णालयात त्यांना वेगळा विभाग मिळाला. जखमी नेमके आपल्याकडे यावेत म्हणून त्यांनी पदरच्या पैशाने पत्त्याच्या चिठ्ठ्या विकत आणल्या आणि सैनिकांना बांधण्यासाठी त्या वरिष्ठांकडे धाडल्या! त्याच वर्षी जुलैमध्ये सोमची लढाई झाली. दोनशे जखमींची तयारी होती, आले सुमारे दोन हजार. मग १९१७ साली सिडकप येथे केवळ चेहऱ्याच्या जखमींसाठी मोठे रुग्णालय उघडले.

मुलांनो, पाय गमावलेला सैनिक गावात आला, तर लोक त्याला आदराने वाट देतात. चेहरा गमावलेल्याकडे पाहून मात्र तेच लोक मान फिरवितात. सिडकपच्या रुग्णालयात आरसे ठेवलेले नसत. गावात काही बाके निळ्या रंगाने रंगविली होती. तेथे हे सैनिक बसत. निळे बाक दिसले, की येणाऱ्याने मन तयार ठेवावे, असा त्याचा अर्थ. मला ही निळी बाके त्या सैनिकांच्या जखमांइतकीच दुःखाची वाटतात.

वॉल्टर येओ हा खलाशी १९१६ च्या जटलंडच्या समुद्री लढाईत जखमी झाला होता. त्याच्या दोन्ही डोळ्यांच्या पापण्या गेल्या होत्या. पापणी नाही म्हणजे डोळा मिटता येत नाही, झोपेतही नाही. गिलीज यांनी छातीवरची कातडी आणून त्याला नव्या पापण्या केल्या. अशी कातडी मुळापासून तोडून लावली, तर तिला रक्त मिळत नाही. म्हणून तिचे एक टोक जागेवरच ठेवावे लागते. पण उघडी पट्टी चिघळते. १९१७ च्या ऑक्टोबरात विली व्हिकरेज या भाजलेल्या खलाशावर काम करताना पट्टीच्या कडा आत वळत आहेत, हे गिलीज यांना दिसले. त्यांनी त्या कडा एकमेकींना शिवून नळी केली. नळीत रक्त खेळते राहिले आणि आतला भाग झाकला गेला. ओडेसाचे नेत्रवैद्य फिलातोव यांनीही त्याच सुमारास स्वतंत्रपणे अशी नळी केली होती.

सर्व प्रयत्नांना यश आले असे नाही. हेन्री लम्ली हा तरुण वैमानिक विमान पडून भाजला होता. गिलीज यांनी त्याच्या छातीची मोठी कातडी काढून चेहऱ्यावर लावली. ती धरली नाही, सडली. १९१८ च्या मार्चमध्ये लम्ली वारला. त्या दिवसापासून गिलीज यांनी घाई सोडली. चेहरा थोडा थोडा करावा, मध्ये महिने जाऊ द्यावेत, असे ते शिष्यांना शिकवू लागले. सिडकपमध्ये पाच हजारांहून अधिक सैनिकांवर अकरा हजारांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या.

ही विद्या आपल्या मुलखालाही परकी नाही, बरे का! म्हैसूरच्या युद्धात कैद झालेल्या कावसजी नावाच्या मराठा गाडीवानाचे नाक कापले गेले होते. पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीच्या एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून नवे नाक बसविले. जोड पक्का राहावा म्हणून त्याने विड्यात घालतात तो कात पाण्यात भिजवून पट्ट्यांना लावला. ही हकीकत १७९४ साली लंडनच्या मासिकात छापून आली. ती वाचून कार्प्यू यांनी १८१४ साली तेथे तशी शस्त्रक्रिया केली. गिलीज यांनीही नाकासाठी कपाळाची कातडी वापरली. त्या पुणेरी कारागिराचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही.

आता गालाच्या हाडाकडे वळू. गिलीज यांनी कानाच्या वर, केसांत, लहानसा छेद घेतला. तेथून एक चपटे हत्यार स्नायूवरच्या जाड पडद्याखाली सरकवीत गालाच्या हाडामागे नेले आणि हाड उचलले. ते जागेवर बसले, की खोबणीची कडही नीट होते. व्रण केसांत लपतो. आजही सर्जन हा मार्ग वापरतात. तळ फुटला असेल, तर हाडाचा तुकडा किंवा टायटॅनियमची जाळी बसवितात. एक सांगून ठेवतो. डोळ्याला असा मार लागल्यावर नाक शिंकरू नका, हवा खोबणीत शिरते. लहान मुलांमध्ये फुटलेल्या तळात डोळ्याचा स्नायू अडकतो. डोळा बाहेरून साधा दिसतो, पण वर पाहताना दुखते, ओकारी येते. अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालय गाठले पाहिजे.

१९३० साली गिलीज यांना सर हा किताब मिळाला. दुसऱ्या महायुद्धातही त्यांनी हेच काम केले. त्यांच्याकडे शिकलेले डॉक्टर नोशीर अँटिया यांनी पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्लॅस्टिक सर्जरीचा विभाग उभा केला आणि कुष्ठरोगाने बिघडलेले चेहरे व हात दुरुस्त केले.

गिलीज यांनी निवृत्तीचे वय कधीच मानले नाही. १९६० च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, एका अठरा वर्षांच्या मुलीच्या पायावर ते शस्त्रक्रिया करीत होते. त्या वेळी त्यांच्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली. १० सप्टेंबर १९६० रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.